आजोबांचा शब्द आणि सातबारा: न्यायदंडाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व न्यायदंडाधिकारी.

विषय: ‘एक सक्षम स्थानिक जामीनदार’ या चार शब्दांबाबत.

सन्माननीय साहेब, सन्माननीय मॅडम,

मी एका जिल्हा न्यायालयात २२ वर्षे फौजदारी वकिली करते आहे. त्यातली १७ वर्षे विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर, म्हणजे ज्यांना वकील लावणे परवडत नाही त्यांच्यासाठी उभी राहते. तुमच्यापुढे रोज अर्ज ठेवते, पण अर्जाच्या साच्यात न बसणारे खूप काही या वर्षांत साठले आहे. ते आज लिहिते. हे पत्र कुणा एका न्यायालयाविरुद्ध नाही, कुणा एका साहेबांविरुद्ध तर मुळीच नाही. जामिनाच्या हुकमाच्या शेवटी येणाऱ्या एका ओळीबद्दल आहे: ‘आरोपीस रु. १५,००० चा जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक सक्षम स्थानिक जामीनदार दिल्यावर मुक्त करावे.’ जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी; जामीनदार म्हणजे त्याच्यासाठी हमी देणारा दुसरा माणूस.

ही ओळ ऐकून एक आरोपी रात्री घरी जेवायला असतो आणि दुसरा चार महिने बरॅकमध्ये. कलम तेच, पुरावा तसाच, हुकूमही शब्दशः तोच. पहिल्याच्या नात्यात सातबारावाला माणूस असतो, दुसऱ्याच्या नसतो, एवढेच.

जामीनदार उभा करणे म्हणजे काय, हे डायसवरून पूर्ण दिसत नाही, म्हणून सांगते. आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो. सातबारा, नाहीतर घरपट्टीची पावती, नाहीतर पगारपत्रक. कुठे तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला, आणि त्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल. यापूर्वी किती जणांना जामीन राहिलो, याचे प्रतिज्ञापत्र. मग एक अख्खा दिवस कोर्टात बसायचे, रोज बुडवायचा, आणि कारकुनाच्या टेबलावरून ‘ही पावती मागच्या वर्षीची आहे’ असे ऐकले की आणखी एक दिवस. दुसऱ्यासाठी एवढे करणारा माणूस एक तर जिव्हाळ्याचा असतो, नाहीतर पैसे घेणारा. गरिबाच्या जिव्हाळ्याच्या माणसांकडे सातबारा नसतो. मग पैसे घेणारा उरतो. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे हिंडत असतात हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. खोट्या कागदांवर जामीन राहणाऱ्या टोळ्या पोलिसांनी वेळोवेळी पकडल्या आहेत. आरोपीला कायद्याचा धाक राहावा म्हणून घातलेली अट त्याच्या आईला कोर्टाच्या दारातच बेकायदा सौद्यात ओढते. तिने मंगळसूत्र गहाण ठेवलेले मी पाहिले आहे. तिला अडवायला माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता.

एका मुलाबद्दल सांगायचे आहे. वय १९. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातला. आईवडील ऊसतोडीला गेलेले, हा आमच्याकडे बांधकामाच्या साइटवर सेंट्रिंगच्या कामाला. साइटवरच्या सुपरवायझरचा मोबाइल गेला आणि तो याच्याकडे सापडला, असे पोलिसांचे म्हणणे. फिर्यादीत फोनची किंमत रु. ८,००० लिहिली होती. तीन वर्षे वापरलेला फोन, पण किंमत विकत घेतानाची. हा आकडा मी मुद्दाम सांगते आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीची वस्तू पाच हजारांच्या आतली असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत मिळाली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. तुरुंगाची नाहीच. असा गुन्हा जामीनपात्रही आहे. त्या जुन्या फोनला बाजारात कुणी तीन हजार दिले नसते. ठाण्यातल्या अंमलदाराने पेनाने लिहिलेल्या एका आकड्याने त्या मुलाचा गुन्हाच बदलला. सुशिक्षित घरातल्या आरोपीचा वकील पहिल्याच दिवशी त्या आकड्यावर बोट ठेवतो. माझ्या हातात कागद सहाव्या दिवशी आले.

नवव्या दिवशी जामीन मिळाला. वरची ओळ, शब्दन्‌शब्द तीच. निरोप गावी गेला आणि तिसऱ्या दिवशी आजोबा आले. रात्रभर एसटीत बसून आले होते. पिशवीत रेशन कार्ड आणि सरपंचांच्या सहीचे पत्र. मला म्हणाले, ‘बाई, पोरगं माझ्यापाशी राहील. तारखेला मी आणतो त्याला. माझा शब्द हाय.’ जमीन किती, असे मी विचारले. कधीच नव्हती. टेबलावरून कागद परत आले: सातबारा नाही, आणि जामीनदार बाहेरच्या जिल्ह्यातला. मी तोंडी विनंती केली, ती मान्य झाली नाही. आजोबा दोन रात्री स्टँडवर झोपले आणि मग परत गेले. घरी दोन लहान नातवंडे शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून आले होते.

याच्याशेजारी मला दुसरे एक आजोबा आठवतात. तुम्हालाही आठवत असतील. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने मोटरसायकलला उडवले आणि दोन तरुण अभियंते मरण पावले. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता. तो रविवार होता. त्याच दिवशी त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर केले गेले आणि जामीन मिळाला. अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, तिच्यावर देशभर संताप उसळला. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. मुलाला वाईट संगतीपासून दूर ठेवीन अशी हमी त्याच्या आजोबांनी दिली होती, आणि मंडळाने ती ग्राह्य धरली होती.

त्या संतापात मला पूर्णपणे सामील होता आले नाही, हे मी मोकळेपणाने सांगते. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली, ते प्रकरण भयंकर आहे आणि त्याचा निकाल लागायलाच हवा. पण जामीन? बाल न्याय कायद्याचे कलम १२ सांगते की अल्पवयीन मुलाला, गुन्हा कोणताही असो, जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय सोडणे हाच नियम. माझ्या अनुभवात झोपडपट्टीतल्या मुलाला हा नियम फार कमी वेळा लागतो, कारण त्याच्या वतीने हमी द्यायला आलेल्या आजीकडे पाहून कुणाला भरवसा वाटत नाही. मला श्रीमंताच्या नातवाचा जामीन काढून घ्यायचा नाही. माझ्या जिंतूरच्या मुलाचे वय वेगळे, त्याला लागू होणारा कायदा वेगळा, हेही मला समजते. पण त्याला केवळ जातमुचलक्यावर सोडण्याचा अधिकार तुमच्याकडे होता आणि आहे. एका आजोबांचा शब्द पुरला. दुसऱ्या आजोबांच्या शब्दाला सातबारा जोडून मागितला गेला.

मी नवे काही मागत नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात हे सगळे सांगून ठेवले आहे. तो आरोपी गवंडी होता. दंडाधिकाऱ्यांनी त्याच्याकडे रु. १०,००० चा जामीनदार मागितला. भाऊ जामीन राहायला तयार होता, पण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून तो नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला रु. १,००० च्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितले आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारण्याची रीत चुकीची ठरवली. या निकालाला जवळजवळ अर्धे शतक होत आले. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्देश दिले: जामिनाच्या हुकमाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाधिकाऱ्यामार्फत बंद्याला पोचावी, सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, एका महिन्यात जामीनदार दिला गेला नाही तर न्यायालयाने आपणहून अट शिथिल करता येईल का ते पाहावे. स्थानिक जामीनदाराचाच आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण आहे, हेही त्यात नोंदवले आहे. जामीनपात्र गुन्ह्यात तर कायदाच सांगतो की अटकेपासून आठवड्यात जो जामीन देऊ शकला नाही, तो निर्धन आहे असे धरून चाला.

‘न्यायालयाने आपणहून.’ माझ्या १७ वर्षांत असे आपणहून काढलेले प्रकरण मला एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये एका नामवंत अभिनेत्याच्या मुलाला उच्च न्यायालयाने जामीन दिला. कागद वेळेत मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाच्या जामीनपेटीत पडले नाहीत आणि त्याला आणखी एक रात्र आत काढावी लागली. ती रात्र साऱ्या देशाने टीव्हीवर मोजली. त्याच्याविरुद्ध पुरावा नसल्याने पुढे त्याच्यावर दोषारोप ठेवला गेला नाही, म्हणजे ते सगळेच आठवडे अन्यायाचे होते. जामिनाचा हुकूम हातात असताना आत काढलेली एक रात्रसुद्धा अन्याय आहे, हे त्या वेळी सगळ्यांना पटले. मग ज्यांच्या अशा १०० रात्री जातात त्यांच्याबद्दल तेच का पटू नये?

तुमची अडचण मला माहीत नाही असे नाही. आरोपी पळाला तर खटला अडतो, वर्षानुवर्षे फाईल पडून राहते, जुन्या प्रकरणांच्या यादीत तुमच्या न्यायालयाचा आकडा फुगतो आणि उत्तर तुम्हाला द्यावे लागते. बदलीवर आलेल्या नव्या दंडाधिकाऱ्याला तर कुणावर विश्वास ठेवावा हेच कळत नाही. पण जामीनदारामुळे आरोपी परत येतो का? तारखेला न आलेल्या माझ्या अशिलांची कारणे मी विचारत आले आहे. तारीख कळली नव्हती. फोन नंबर बदलला होता. मुकादमाने सोडले नाही. भाड्याला पैसे नव्हते. पळून जायला लागतो तो पैसा आणि परक्या गावात आसरा. त्यांच्याकडे दोन्ही नसते. ज्यांनी बँका बुडवून देश सोडला त्यांना सक्षम जामीनदारांची कधी वाण पडली नव्हती.

माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट पुढची आहे. एक ट्रक क्लीनर पाच महिने आत होता, बॅटरी चोरल्याच्या आरोपावरून. जामीन झालेला, जामीनदार नाही. मी कागद वाचले होते. पंच पोलिसांचे नेहमीचे होते, फिर्यादीने चोराला पाहिलेच नव्हते. हा खटला आम्ही जिंकलो असतो. तुरुंगाच्या मुलाकतीत त्याने मला विचारले, ‘कबूल केलं तर कधी सोडतील?’ मी म्हणाले, भोगली तेवढीच शिक्षा देतील बहुधा, म्हणजे लगेच. मग त्याने विचारले, ‘आणि लढलो तर?’ मला उत्तर देता आले नाही. दोषारोप ठेवायचीच तारीख दोनदा पुढे गेली होती, एकदा पोलीस गार्ड मिळाला नाही म्हणून, एकदा व्हीसी, म्हणजे तुरुंगातून व्हिडिओवर हजेरी, लागली नाही म्हणून. त्याने गुन्हा कबूल केला. कायद्याप्रमाणे त्याला विचारले गेले की कुणाचा दबाव आहे का. त्याने नाही म्हटले. रोजनाम्यात ‘स्वखुशीने’ असे लिहिले गेले. त्याच आठवड्यात तो सुटला.

तो आता शिक्षा झालेला माणूस आहे. त्या भागात पुढची बॅटरी चोरीला गेली की पहिली गाडी त्याच्या दारात थांबते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७९ ने, ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही अशा न्यायाधीन बंद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदतीनंतर सोडण्याची मोठी सवलत दिली आहे. त्या एका कबुलीने ती त्याच्या हातून कायमची गेली. पाच हजारांच्या आतल्या चोरीला समाजसेवेची सवलतही गेली.

आणि त्याच कलमाचे पोटकलम २: एकापेक्षा अधिक गुन्ह्यांचा तपास किंवा खटला चालू असेल तर या सवलतीवर सुटका नाही. ऐकायला वाजवी वाटते. पण ‘एका आरोपीकडून सहा गुन्हे उघडकीस’ ही बातमी आपण सगळेच वाचतो. रिकाम्या खिशाचा, एकटा, सही करता न येणारा माणूस हाती लागला की ठाण्याच्या वहीतले जुने न उलगडलेले गुन्हे त्याच्या नावावर चढतात. प्रत्येक गुन्ह्याला वेगळा जामीन, प्रत्येक जामिनाला वेगळा जामीनदार. सहा मोबाइलच्या चोऱ्या अंगावर असलेला मुलगा सहा सातबारे कुठून आणणार? पारध्यांच्या पालावर हे किती वेळा घडले ते मोजायला गेले तर वेगळे पत्र लिहावे लागेल. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासूनचा गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. ठाण्यातल्या संशयाला मात्र तो हुकूम पोचलेला नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना एका जागी घर करू दिले गेले नाही, त्यांच्याकडे आपण आज ‘स्थानिक’ असल्याचा पुरावा मागतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ अखेरचे आकडे तुमच्याही वाचनात असतील. देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे. त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. महाराष्ट्रात हे प्रमाण आणखी वर आहे, पाचांतले साधारण चार. देशभरच्या न्यायाधीनांत बहुसंख्य दहावीही न झालेले. न्यायाधीनांपैकी दर तिघांमागे दोघे अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातले. २६ नोव्हेंबर २०२२ च्या संविधान दिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवून याच माणसांबद्दल बोलल्या. त्यानंतर केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना आणली: सुरुवातीला जामिनासाठी रु. ४०,००० पर्यंत मदत, ठरवणार जिल्ह्याची समिती. मी तिच्याकडे तीन अर्ज केले. एकाचे उत्तर आले तेव्हा तो माणूस गुन्हा कबूल करून सुटला होता. योजना चांगली आहे, पण तिच्यात रोख रक्कम मिळते, आणि हुकमात माणूस मागितलेला असतो. सुरुवातीलाच रोख जामीन किंवा जातमुचलका लिहिला असता तर ना समिती लागली असती, ना अर्ज.

आम्हा वकिलांचा दोष मी लपवणार नाही. पॅनेलवरचे आमच्यातले अनेक जण तुरुंगात जातच नाहीत. अशिलाला तारखेच्या दिवशी पहिल्यांदा पाहतात. जामिनाच्या अर्जात ‘आरोपी गरीब असून घरात एकमेव कमावता आहे’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा छापले आहे की ते तुम्ही वाचत नाही, आणि त्याबद्दल तुम्हाला दोष देता येणार नाही. तो कुठे राहतो, कुणासोबत, मुकादम कोण, बहीण कुठे दिली आहे, गावी पोरेबाळे आहेत का, हे आम्ही लिहून आणायला हवे. ‘हा परत येईल का’ या तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर या माहितीत असते. माझ्यापुरते मी गेल्या दोन वर्षांपासून प्रत्येक अर्जासोबत असे एक पान जोडते.

माझी विनंती आहे की ते पान वाचा. ‘एक सक्षम स्थानिक जामीनदार’ लिहिण्याआधी समोरच्या माणसाला विचारा, तुला कुणी आहे का आणि त्याच्याकडे काय कागद आहे. नसेल तर जातमुचलका लिहा. दुसऱ्या जिल्ह्यातला काका, शेजारी, ठेकेदार, जो कुणी शब्द द्यायला उभा राहील त्याचा फोन नंबर आणि पत्ता नोंदवून घ्या. आणि महिन्यातून एक दुपार, ज्यांना जामीन देऊनही जे सुटले नाहीत त्यांची यादी अधीक्षकांकडून मागवून तुमच्या टेबलावर ठेवा. त्यासाठी अर्जाची गरज नाही. अधिकार आहे, निर्देशही आहेत.

जिंतूरच्या मुलाचे काय झाले ते सांगते. साडेतीन महिन्यांनी त्या न्यायालयात नव्या मॅडम आल्या. मी अट शिथिल करण्याचा अर्ज दिला. आजोबांना पुन्हा बोलावले होते, ते याही वेळी रेशन कार्ड घेऊन आले. मॅडमनी कागद बाजूला ठेवून त्यांना पुढे बोलावले. पोरगा कुणाजवळ राहील, तारखेला कोण आणेल, निरोप द्यायचा तर फोन कुणाचा, असे विचारले. सगळे मिळून पाच मिनिटे लागली. फोन किराणा दुकानदाराचा होता, तो नंबर त्यांनी रोजनाम्यात घेतला आणि मुलाला जातमुचलक्यावर सोडले.

त्यानंतर सात तारखा झाल्या. सातही वेळा आदल्या रात्रीच्या एसटीने दोघे आले. न्यायालय उघडायच्या आधी व्हरांड्यातल्या बाकावर बसलेले असतात, आजोबांच्या पिशवीत भाकरी असते. परवाच्या तारखेलाही आले होते. पुकारा झाला, मुलगा पुढे जाऊन उभा राहिला. सरकारतर्फे एकही साक्षीदार हजर नव्हता.

आपली नम्र,
विधी सेवेच्या पॅनेलवरील एक वकील